बायाबाईचं ताट

संक्रांतीला लिलाधर नागपूरहून आला तो एक गुंडाळलेला कागद घेऊन. जेवण झाल्यावर त्याने तो कागद उलगडला आणि चुलीसमोरच्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'एक ताट परिवार'. खाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय खायचं आणि काय नाही, त्याचा तक्ता.

"माय, आजपासून हे," तो म्हणाला. "तीन महिन्यांत तुयी साखर पळून जाईन."

बायाबाई खाली बसून झिंगे निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं. तिला वाचता येत होतं, पण हळू. "भात कुठं हाय यात?"

"भात नाही. भात बंद."

"आन् मासोळी?"

"मासे तामसी असतात, माय. आमच्या परिवाराचे भैय्यालाल सर म्हणतात, मासे खाल्ल्यानं रक्त जड होते."

बायाबाईच्या हातातला झिंगा तसाच राहिला. त्यांचं घर एकोडीच्या ढिवर मोहल्ल्यातलं. ती आणि तिचा नवरा तुलाराम पहाटे तलावात उतरत, जाळं ओढत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन सानगडीला बसे. तीस वर्षं हेच चाललं होतं. "तामसी?" ती म्हणाली. "त्याच मासोळीवर तू कॉलेजात गेला, बाप्पा."

लिलाधर हसला. रागावला नाही. मोहल्ल्यातला पहिला पदवीधर होता तो, नागपूरला एका कंपनीच्या कार्यालयात बसत होता आणि आईवर त्याचा जीव होता. म्हणूनच तिने पुढे वाद घातला नाही. नंतर या एका गोष्टीचा तिला स्वतःचाच फार राग येणार होता.

साखरेचं दुखणं तिला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. तलावातल्या शिंपल्याने अंगठा कापला आणि महिनाभर जखम भरेना, म्हणून ती उपकेंद्रात गेली. तिथल्या कामिनी सिस्टरने बोट टोचून पाहिलं आणि तिला खाली बसवलं. तेव्हापासून गोळ्या सुरू होत्या. कामिनी दर महिन्याला सांगायची, "बायाबाई, भात कमी करा." बायाबाई मान हलवायची आणि घरी येऊन सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात असं आधीसारखंच खायची. झाडीपट्टीत भात सोडून माणूस काय खातो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. साखर अडीचशेच्या खाली येत नव्हती.

त्यामुळे मुलगा म्हणाला तेव्हा तिला वाटलं, शिकलेला आहे, पाहू तरी करून.

तक्त्याप्रमाणे दुपारी एकपर्यंत पोटात काही घालायचं नव्हतं. फक्त गरम पाण्यात एक चमचा चूर्ण. ते परिवाराच्या डब्यातून यायचं. एक वाजता वाटीभर मोड आलेले मूग आणि काकडी, सहाला पुन्हा तेच आणि ओट्सची खीर, तीही बिनसाखरेची. रोज पहाटे पाचला लिलाधर मोबाईलवर दिसायचा आणि तिने ग्लास तोंडाला लावलेला दाखवायचा.

"गोळी घेऊ का सोडू?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"सर म्हणतात, हळूहळू सुटून जाईन. सध्या घेत जा."

म्हणून ती पहाटे उठली की गोळी घ्यायची, चूर्णाचं पाणी प्यायची आणि तुलारामच्या मागे तलावावर जायची. आठवड्याभरात तिचे हात थरथरायला लागले. दहा वाजता थंडीतही अंगाला घाम फुटायचा आणि डोळ्यांपुढे काजवे दिसायचे. तिने मुलाला सांगितलं.

"ते विष बाहेर पडून राहिलं, माय. सगळ्यांनाच होते. चांगलं लक्षण आहे."

तुलाराम कमी बोलणारा माणूस. तो एकदाच म्हणाला, "पेज पी दोन घोट. कोण पाहून राहिलं?" तिने नाही म्हटलं. पोराला खोटं सांगणं तिला जमणारं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघं कंबरभर पाण्यात होती. तुलाराम जाळ्याचं एक टोक धरून पुढे, बायाबाई दुसरं टोक धरून मागे. अचानक त्याच्या हातातली दोरी सैल पडली. त्याने वळून पाहिलं तर पाण्यावर फक्त तिच्या लुगड्याचा पदर तरंगत होता.

त्याने जाळं सोडलं. मासोळ्या गेल्या, जाळंही गाळात गेलं. तिचे केस हाताला लागले तसे त्याने ते धरूनच तिला वर ओढलं आणि काठावर पालथी टाकली. तिच्या तोंडातून पाणी आलं, पण डोळे उघडेनात. दात एकमेकांवर आपटत होते. पलीकडच्या धानाच्या बांधीतला तेजराम ऑटो घेऊन आला आणि दोघांनी मिळून तिला साकोलीच्या दवाखान्यात नेलं.

साखर भरली बेचाळीस.

"आणखी अर्धा तास गेला असता तर?" डॉक्टरीणबाईंनी तुलारामला विचारलं. आवाज चढलेला होता. "साखर उतरवायची गोळी देऊन तुम्ही माणसाला उपाशी ठेवलं? पाण्यात उतरवलं?"

तुलारामच्या ओल्या धोतरातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

संध्याकाळी लिलाधर धावत वॉर्डात आला. बायाबाईच्या हाताला सलाईन होतं. तिने त्याला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाटेपाशी वाकला आणि म्हणाला, "काल काय खाल्लं होतं तू? तक्त्याबाहेरचं काही खाल्लं का?"

वॉर्डात बारा खाटा होत्या. बाराही खाटांनी ऐकलं असेल, अशा आवाजात तुलाराम ओरडला, "नीघ इथून!" चाळीस वर्षांच्या संसारात बायाबाईने त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्याने हात उचलला होता, पण तो हवेतच राहिला. लिलाधर दोन पावलं मागे सरला. "बाबा, मी चांगल्यासाठीच..." असं काहीतरी म्हणत तो बाहेर गेला.

बायाबाईचं रडणं तिथेच थांबलं. डोळे कोरडे झाले आणि छातीत एक निखारा बसला. तो पुढे कित्येक महिने तिथेच राहिला.

*

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कामिनी सिस्टर भेटायला आली. बायाबाईने तिला पाणीही विचारलं नाही.

"तुमी दोन वर्षं मले फकत म्हणत राहिल्या, भात कमी करा, भात कमी करा," ती म्हणाली. "ती गोळी उपाशीपोटी माणूस मारते, हे काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, बायाबाई. जेवणाआधी घ्या म्हणून."

"जेवणाआधी म्हणजे जेवण होईनच, असं तुमी धरून चालल्या! मी काय खातो, किती वाजता खातो, पाण्यात किती घंटे उभी राहतो, विचारलं कधी?"

कामिनी म्हणाली, "नाही विचारलं. माझं चुकलं."

असं कोणी म्हणेल याची बायाबाईला सवय नव्हती. राग गेला नाही, पण तिने पाण्याचा लोटा पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद करून दुसरी दिली होती. कामिनीने पिशवीतून एक लहान यंत्र काढलं. तिच्या वडिलांचं होतं, ते आता वापरत नव्हते. "हे ठेवा. जेवणाआधी एकदा मोजा आणि जेवल्यावर दोन तासांनी एकदा. तुमच्या अंगाला काय चालते, ते तुमचं अंगच सांगेल. मला आकडे दाखवत जा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करायची नाही."

"आन् हा तक्ता?"

"तो तुम्हीच ठरवा."

बायाबाई उठली आणि तक्ता भिंतीवरून ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर मातीचे पोपडे निघाले. कागद चुलीत गेला. डब्यातलं चूर्ण तिने उकिरड्यावर ओतलं. कोंबड्यांनी ते चोचीने उकरून पाहिलं आणि तसंच सोडलं.

मग ती मोजायला लागली. औषध घेणाऱ्या माणसाच्या शांतपणाने नाही, भांडण काढल्यासारखी. बोट टोचताना ओठ घट्ट दाबायची आणि आकडा आला की जुन्या वहीत लिहायची. पट्ट्या संपल्या की तुलाराम एसटीने लाखांदूरला जाऊन आणायचा.

सकाळची पेज : दोनशे अठ्ठ्याहत्तर. तिने यंत्राकडे असं पाहिलं, जणू त्यानेच पेज प्यायली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज, पुन्हा तेवढीच. मग सगळे सांगतात ती जवारीची भाकर. दोन भाकरी, वांग्याची भाजी : दोनशे एकतीस. शेजारच्या रंभाबाईचा नवरा भाकरीवर ठणठणीत होता, हिची साखर मात्र भाकरीने चढत होती. रात्रीचा भात दोनशे चाळीस. पण तोच वाटीभर भात तलावातून आल्यावर, दुपारी, आधी मासोळी आणि पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची भाजी खाऊन मग खाल्ला, तर एकशे अठ्ठेचाळीस.

तिला खरं वाटेना. तिने चार दिवस तसंच खाऊन पाहिलं. एकशे पन्नास, एकशे एकसष्ट, एकशे त्रेचाळीस, एकशे छप्पन्न.

"मासोळीनं रक्त जड होते म्हणे," ती तुलारामला म्हणाली आणि वही चुलीजवळ आपटली.

असं करत करत तिचं ताट ठरत गेलं. पहाटे तलावावर जाण्याआधी रात्रीचा मासोळीचा रस्सा, चतकोर भाकर आणि गोळी. दुपारी मासोळी, भाजी आणि शेवटी वाटीभर भात. रात्री भात नाही. रात्री भात नसणं तिला फार जड गेलं. पहिले पंधरा दिवस झोप येईना, कोणावरही खेकसायची. पण ते तिने स्वतः ठरवलं होतं.

*

मार्चमध्ये रंभाबाई मोबाईल घेऊन आली. ती बायाबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, साखर तिलाही होती. "तुया फोटो आला हाय व, बाई. लिलाधरनं टाकला."

फोटोत बायाबाई चूर्णाचा ग्लास धरून उभी होती. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. खाली लिहिलं होतं : 'माझी आई बायाबाई. एका महिन्यात साखरमुक्त!' त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले होते.

"कोणत्या तारखेचा हाय?" बायाबाईने विचारलं.

रंभाबाईने तारीख सांगितली. त्या तारखेला बायाबाईच्या हाताला सलाईन होतं.

तिने लिलाधरला फोन लावला. तो म्हणाला, फोटो आधीच तयार होता, आपोआप टाकला गेला. आणि म्हणाला, "चूक गोळीची होती, माय. चूर्णाची नाही. सरांनी समजावून सांगितलं. सानगडीला परिवाराचा मेळावा आहे, तुया सत्कार ठेवला आहे. तू फक्त ये. बोलायचं काही नाही."

"येतो," बायाबाई म्हणाली.

मेळावा बाजाराच्या दिवशीच होता. ती मासोळी विकून, रिकामी टोपली काखेत घेऊनच मंडपात गेली. पांढऱ्या सदऱ्यातले भैय्यालाल सर व्यासपीठावर होते. गोड बोलणारा, गोरागोमटा माणूस. लिलाधरने तिची टोपली घेऊन बाजूला ठेवली आणि तिला वर नेलं. सरांनी शाल पांघरली. तिने शाल काढून लिलाधरच्या हातात दिली आणि माईक ओढून घेतला.

"मी बायाबाई. या तक्त्यानं मी साखरमुक्त झाली म्हणतात. मायी साखर बेचाळीस झाली होती. मी तलावात बुडाली. या माणसानं केसाले धरून काढली." तिने मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या तुलारामकडे बोट दाखवलं. "फोटो टाकला त्या दिवशी मी दवाखान्यात होती."

मंडपात कुजबूज सुरू झाली. लिलाधरचा चेहरा पांढरा पडला होता. सर हसत पुढे आले. "ताई, तुमच्याकडून नियम नीट पाळले गेले नसतील. शेवटी प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

"हाव ना!" बायाबाई त्यांच्याकडे वळली. "शरीर वेगळं, मंग तक्ता एकच काहून? मी पहाटे पाण्यात उभी राहतो, तुमी खुर्चीत बसता. तुमचं ताट माया पोटात कायले कोंबून राहिले? मले एकदा तरी विचारलं का, बाई, तू कोणती गोळी घेतो?"

कोणीतरी माईक बंद केला. त्याने फरक पडला नाही. तीस वर्षं बाजारात मासोळी विकताना ओरडलेला आवाज होता तो. "ज्याची गोळी चालू हाय त्यानं उपाशी राहू नोका! आधी दवाखान्यात विचारा! बोट टोचून पाहा!"

दोन पोरांनी तिला खाली आणलं. काही जण उठून गेले, काही हसले. बरेच जण बसून राहिले आणि सरांनी भजन सुरू केलं. बाहेर पडताना बायाबाईने पाहिलं, रंभाबाई रांगेत उभी राहून चूर्णाचा डबा घेत होती.

"रंभाबाई!" ती ओरडली. "तू तरी!"

"तुले नाही लागलं, मले लागंन," रंभाबाई नजर चुकवत म्हणाली. "गोळ्यांनी माया पोटात आग होते."



*

लिलाधर चार महिने आला नाही. फोनही बापालाच करायचा. जूनमध्ये कामिनीने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करवली. आधी दहा टक्क्यांच्या जवळपास होती, ती साडेसातवर आली. "आणखी थोडी उतरायला हवी," कामिनी म्हणाली, "पण हे तुम्ही केलं." बायाबाई हसली, ते कित्येक दिवसांनी.

आखाडीच्या सणाला लिलाधर आला. वाळला होता. भैय्यालाल सरांशी बिनसलं होतं म्हणे, परिवार सोडला होता. तो गुमान जेवला. मग त्याने कोनाड्यातली वही काढली आणि पानं उलटत राहिला. उलटता उलटता त्याचे डोळे चमकायला लागले.

"माय, हे तर भारी आहे. मी याचा तक्ता बनवतो. 'बायाबाईचं ताट' नाव देऊ. मासोळी, पोपट, दुपारी भात. हजारो लोक जुळतीन..."

बायाबाईने त्याच्या हातातून वही हिसकली. पानाचा कोपरा फाटला.

"एवढं होऊनही तुया डोकशात काहीच नाही शिरलं?" तिचा आवाज चिरकला. "हे माया अंगाचं हाय! माया तलावाचं, माया गोळीचं! तुया बापानं हेच खाल्लं तर त्याले वेगळा आकडा येईन. हे कोणाच्या भिंतीवर लावशीन न, तर मी तुये हात तोडीन, लिल्या!"

"लोकांचं भलंच होईन, माय..."

"तेव्हाही हेच म्हणत होता!"

तो मान खाली घालून बसला. मग बायाबाई उठली आणि त्याचं मनगट धरलं. "चाल."

"कुठं?"

"रंभाबाईकडे."

रंभाबाई अंगणातल्या खाटेवर पडून होती. मार्चपासून चूर्ण घेत होती आणि गोळ्या सोडल्या होत्या. तळपायांची आग होते म्हणून ओला कपडा गुंडाळला होता. आठ दिवसांपासून सारखं पाणी पीत होती आणि कोणालाच काही सांगत नव्हती. बायाबाईने तिला उठवलं. तिचं चालणं डगमगत होतं, म्हणून लिलाधरने दुसऱ्या बाजूने खांदा दिला. तिघं उपकेंद्रापर्यंत तशीच गेली.

कामिनीने बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा पाचशेच्या वर होता. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला, सलाईनची बाटली टांगली आणि मग विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत? कोणी बंद करायला सांगितल्या?"

रंभाबाईने लिलाधरकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. पोराचं नाव घ्यायला तिची जीभ वळेना.

बायाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला कळलं, पण तिनेही सांगितलं नाही. ती फक्त मुलाकडे पाहत राहिली, डोळे न हलवता.

"मेळाव्यात डबा घेताना काकूंनी मला विचारलं होतं," लिलाधर म्हणाला. "मीच म्हटलं, सोडून द्या म्हणून. मी सांगितलं."

कामिनीने स्टूल ओढलं, रंभाबाईच्या उशाशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. "गाडी येईपर्यंत मला सांगा. तुम्ही सकाळी उठल्यापासून काय-काय खाता? अगदी चहापासून सांगा."

रंभाबाई क्षणभर गोंधळली. मग हळूहळू सांगायला लागली.